संध्याकाळचा कट्टा: पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

डोंबिवली पूर्वेला एका शाळेची जुनी चित्रकलेची खोली आम्ही या कट्ट्यासाठी, म्हणजे मुलांना संध्याकाळी जमायला, भाड्याने घेतली आहे. मंगळवार, शुक्रवार आणि शनिवार, संध्याकाळी ६ ते ८.३०. येणारी मुलं आठवी ते बारावीची. आम्ही मोठी माणसं तीन: एक निवृत्त आयटीआय शिक्षक, एक बँकेत काम करणारा गृहस्थ आणि मी. पहिल्या वर्षी मी स्वतःला 'ताई' म्हणवून घ्यायचा प्रयत्न केला होता. आता सगळ्यांची काकू आहे. पालकांचे तेच तेच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तीच तीच उत्तरं लोकलमध्ये एका हाताने टाइप करून मी थकले, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवते.

इथे नक्की काय शिकवतात?

काहीच नाही. हे ऐकून निम्मे पालक फोन ठेवतात, म्हणून आधीच सांगितलं. खोलीत दोन कॅरम आहेत, एक शेगडी, सरांची हत्यारांची पेटी, एका गॅदरिंगमधून उरलेले मुकुट-तलवारी आणि पाच तारांची एक गिटार. सहावी तार आणायचं काम गेल्या गणपतीपासून प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतोय.

कुणाला काही शिकावंसं वाटलं तर ते शिकतातच. पण 'क्लास' या शब्दाची काय दहशत आहे ते आम्ही प्रत्यक्ष पाहिलंय. एकदा फळ्यावर 'शुक्रवारी गिटार क्लास' असं लिहिलं, तर दोघं आले, त्यातला एक आईने पाठवला म्हणून. पुढच्या आठवड्यात नुसतं 'शुक्रवारी एक दादा गिटार घेऊन येतोय' असं लिहिलं. खोलीत बसायला जागा उरली नाही. दादा तोच होता.

मग या वयाच्या मुलांना हवं तरी काय असतं?

आम्हीही आधी चुकीच्या पद्धतीने विचारलं. छापील फॉर्म दिला: रोबोटिक्स, कोडिंग, वक्तृत्व, व्यक्तिमत्त्व विकास, योग. आवडेल त्यावर खूण करा. मुलांनी इमानदारीत खुणा केल्या, बहुतेकांनी रोबोटिक्सवर. दोन शनिवार रोबोटिक्स चाललं, तिसऱ्या शनिवारी किट आणि सर असे दोघंच उरले. मुलांनी आम्हाला आवडेल ते उत्तर दिलं होतं. दहा वर्षं शाळेत बसल्यावर ते कौशल्य येतंच.

दुसऱ्यांदा दाराच्या मागे कोरा कार्डशीट चिकटवला, सुतळीला पेन बांधलं आणि आठवडाभर त्या बाजूला फिरकलो नाही. त्यावर आलेलं जसंच्या तसं: 'चार्जिंग पॉइंट वाढवा.' 'कॅरमची पावडर.' 'काहीतरी खायला.' 'अभ्यास कसा चाललाय हे विचारणाऱ्याकडून १० रु. दंड.' 'मुलींच्या बाथरूमला कडी.' 'स्पीकर आमचा लावा, तुमची गाणी नकोत.' 'पावसात पण उघडं ठेवा.' आणि खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, 'कोणी फोटो काढू नका.'

एकानेही कुठली कला किंवा कौशल्य मागितलं नव्हतं. सगळ्या मागण्या जागेबद्दल होत्या: जागा असावी, ती आमची असावी, तिथे दोस्त असावेत आणि कुणी आमचं मोजमाप काढू नये. कॅरम, गिटार, भजी ही सगळी तिथे येण्याची निमित्तं. निमित्त मात्र लागतं. 'नुसते गप्पा मारायला जातोय' असं घरी सांगायची अजून कुणाची छाती नाही.

दंडाच्या डब्यात आजवर ९० रुपये जमले आहेत. त्यातले ४० माझे.

आधीच तीन क्लास आहेत. कट्ट्यासाठी वेळ कुठून आणायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या एका आईबरोबर बसून मी तिच्या नववीतल्या मुलीचा दिवस कागदावर मांडला. उठणं ५.४५. शाळा ७ ते १२.३०. ३ ते ६ गणित-विज्ञानाचा क्लास. ६.३० ते ७.३० इंग्रजी. मग जेवण, गृहपाठ, रविवारच्या टेस्टची तयारी. दिवा बंद ११ला. झोप पावणेसात तास, तीही पाठ टेकल्याबरोबर डोळा लागला तर. तेरा ते अठरा वयाला ८ ते १० तास झोप हवी असं डॉक्टर सांगतात. शिवाय या वयात झोप आणणारं मेलाटोनिन शरीरात उशिरा वाढायला लागतं, त्यामुळे 'लवकर झोप म्हणजे लवकर उठशील' हे वाक्य त्यांच्या बाबतीत फारसं लागू पडत नाही. तो आळस नसतो.

मी क्लासविरोधी नाही, माझाही मुलगा गेला. पण केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंग सेंटरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात १६ वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना प्रवेशच देऊ नये असं म्हटलंय. आपल्या रस्त्यावरचे बोर्ड एकदा वाचून या. आणि फुरसत ही लाडाची गोष्ट वाटत असेल तर संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेत तिच्यासाठी स्वतंत्र कलम आहे, ३१वं: विश्रांती, मोकळा वेळ आणि खेळ हा अठराच्या आतल्या प्रत्येकाचा हक्क. भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. म्हणजे ती नववीतली मुलगी जन्मायच्या कितीतरी आधी.

तिच्या आईने इंग्रजीचा क्लास बंद केला. मुलगी कट्ट्यावर आली नाही, घरी झोपते. चालेल की.

मोबाइल सुटेल का?

नाही सुटणार. आम्ही दारात फोन जमाही करून घेत नाही. पहिल्या महिन्यात टोपली ठेवली होती, तेव्हा मुलं जुना बंद पडलेला फोन टोपलीत टाकून खरा खिशात ठेवायची.

जिन्याच्या पायऱ्यांवर चौघं खांद्याला खांदा लावून बीजीएमआय हा मोबाइलवरचा लढाईचा गेम खेळतात आणि 'मागे आहे, मागे आहे, अरे रिव्हाइव्ह कर' असं ओरडतात, त्यात आणि आपल्या वेळच्या गल्ली क्रिकेटमधल्या आरडाओरड्यात मला तरी फरक सापडलेला नाही. घरी एकटा, दार लावून खेळतो तेव्हाची गोष्ट वेगळी.

फोन आपोआप बाजूला पडतो तो हात भरले की. जुलैतल्या एका शनिवारी कांदाभजी करायची ठरली. कांदा उभा चिरायचा की आडवा यावरच वीस मिनिटं गेली. कांद्याला मीठ लावून पाणी सुटू द्यायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, मी तोंड दाबून बसले. त्यांनी बेसनात तांब्याभर पाणी ओतलं आणि पहिला घाणा असा निघाला की झाऱ्याला चिकटलेला गोळा सरांनी स्क्रू ड्रायव्हरने सोडवला. दुसऱ्या वेळी कुणीतरी आजीला फोन लावला, स्पीकरवर. फोन धरायला कुणाचा हात मोकळा नव्हता, म्हणून तो बेसनाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. आजी ओरडत होती, 'पाणी घालू नका रे मेल्यांनो, कांद्याचंच सुटतं!' दीड तासात फोनचा तेवढाच उपयोग झाला.

मुलगी सातवीपर्यंत सगळीकडे जायची, आता कुठेच जात नाही. तुमच्याकडे मुलींसाठी काय आहे?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत उशिरा कळला, याची लाज वाटते. कट्ट्याचा जम बसला तेव्हा तीस-बत्तीस मुलं यायची, त्यात मुली चार. आम्ही बैठक घेऊन मेंदीचा कार्यक्रम ठेवला. बुद्धी बघा आमची! चारच्या तीन झाल्या, कारण एकीला मेंदीचा भयंकर कंटाळा होता.

मग त्या कार्डशीटवर ती ओळ आली: कडी. बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, मुली पाच वाजल्यापासून पाणी पीत नसत. एक कडी, चार स्क्रू, सरांची दहा मिनिटं. कचऱ्याचा झाकणवाला डबा आणि कपाटात पॅडचं पाकीट, मागावं लागणार नाही असं. दुसरी गोष्ट शाळेमागच्या बोळातला बंद दिवा. अर्ज, फोन, पुन्हा अर्ज, यात अडीच महिने गेले. तोवर ८.३०ला मुली एकदम निघायच्या आणि बँकवाले आमचे सहकारी टिळक रोडपर्यंत मागे मागे चालायचे. तिसरी गोष्ट कॅरम. दोन्ही बोर्ड कायम मुलांकडे. कुणी अडवत नव्हतं, पण उठवणार कोण? आता एक बोर्ड मुलींच्या नावाचा आहे. 'हा अन्याय आहे' असं दोन मुलांनी फळ्यावर लिहिलं, ते आम्ही पुसलं नाही.

आज निम्म्याला निम्म्या मुली आहेत. कार्यक्रम एकही बदलला नाही.

मैदानाचंही हेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते १७ वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी. जगभरात ११ ते १७ वयातली ८१ टक्के मुलं तेवढी करत नाहीत, आणि मुली मुलांपेक्षा मागे. त्याला 'मुलींना खेळायची आवडच नसते' हे कारण देऊ नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची. शनिवारी साडेपाचला मैदान मुलींना मिळतं. खांब दोन, बाकी खर्च शून्य. पहिल्या दिवशी ओढणी खोचून आल्या होत्या. आता ट्रॅक पँट आणि ढोपरावर खपल्या.

माझ्या मुलाला कशातच रस नाही. तुम्ही काही करू शकाल?

बहुधा नाही. असा एक मुलगा येतो. पहिले दीड महिने तो दाराशेजारच्या पायरीवर बसून होता. मी दोनदा बोलायला गेले, दोनदा 'ठीक आहे काकू' एवढंच मिळालं. आता वर्ष झालं. अजूनही तो बहुतेक वेळ पायरीवरच असतो, फक्त आता बाकीचे चहा आधी त्याला नेऊन देतात. एक दिवस चुकवलेला नाही. त्याच्या वडिलांनी विचारलं, 'प्रगती काय?' मी म्हटलं, येतो ना रोज.

सर्टिफिकेट मिळतं का? दहावीला गुण?

नाही. चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेचे, शासनमान्य क्रीडा स्पर्धांचे वाढीव गुण दहावीला मिळतात, पण त्याचे प्रस्ताव शाळेमार्फत जातात, त्यामुळे चौकशी शाळेत करा. एक निरीक्षण मात्र सांगते: जी मुलगी मजेत चित्रं काढायची, तिने ग्रेडसाठी वर्षभर स्थिरचित्राचे मडके-बाटल्या गिरवले, ग्रेड आणली आणि रंगपेटी धाकट्या भावाला दिली.

मुलंच सगळं ठरवतात म्हणे. म्हणजे नक्की किती?

रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाच्या तीन पायऱ्यांवर खरा सहभाग नसतोच: मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं विचारणं. आपल्याकडच्या कुठल्याही उद्घाटनाला ओवाळणीचं ताट धरून तासभर उभ्या असलेल्या मुली आठवा. ती दुसरी पायरी.

आमच्याकडे महिन्याला ३,००० रुपयांची पेटी मुलांच्या हातात असते. पहिल्या महिन्यात त्यांनी १,१०० रुपयांच्या रंगीत एलईडी पट्ट्या आणल्या. मी काही बोलले नाही, म्हणजे घरी जाऊन नवऱ्याशी बोलले. २० तारखेला चहापत्ती संपली आणि पेटीत ३५ रुपये निघाले. त्या संध्याकाळी जांभळ्या उजेडात बिनचहाची जी बैठक झाली तशी हिशेबाची बैठक मी कुठल्या सोसायटीत पाहिलेली नाही. तेव्हापासून खजिनदार दर महिन्याला बदलतो आणि बिल दाखवल्याशिवाय पैसे मिळत नाहीत. हा नियम त्यांचाच. पट्ट्या अजून आहेत. खरं सांगायचं तर बऱ्या दिसतात.

बंद करायची वेळ, बाहेर सहलीला जाणं, शेगडी, वीज आणि कुणाला त्रास देणं, या बाबतीत शेवटचा शब्द आमचा. तिथे मतदान नाही.

सुरक्षेचं काय?

हे विचारणारे पालक फार थोडे, आणि हा प्रश्न तुम्ही प्रत्येक क्लासला, कोचला, पथकाला विचारायला हवा. आमच्याकडे कायम किमान दोन मोठी माणसं हजर असतात. एक आजारी पडला तर कट्टा बंद. कुणीही मोठा माणूस एका मुलाबरोबर बंद दाराआड बसत नाही आणि रात्री मुलांना खासगी मेसेज करत नाही. पोक्सो कायदा २०१२चा आहे. अठराच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'घरातल्या घरात मिटवू' हा पर्यायच नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ क्रमांक दाराच्या आत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला आहे.

फोटो आम्ही काढत नाही. मुलांनीच तसं लिहून ठेवलंय. देणगीदार फोटो मागतात तेव्हा कॅरमबोर्डाचा पाठवतो.

तो तिथे काय बोलतो, कुणाबरोबर असतो, ते आम्हाला सांगाल का?

नाही. त्याच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका वाटला तर सांगू, आणि तुम्हाला सांगणार आहोत हे त्यालाही आधी सांगू. बाकी 'कोण ती मुलगी' वगैरे प्रश्नांसाठी मला चहाला बोलावू नका, चहा पिऊन येईन. मूल फार गप्प झालं असेल, झोप-जेवण बिघडलं असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे.

अशा टाइमपासचा खरंच काही उपयोग होतो?

आइसलँडचं उदाहरण सगळे देतात, मीही देते, पण पुरतं देते. तिथे १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी गेल्या महिनाभरात दारूने झिंगलेल्यांचं प्रमाण १९९८ मध्ये ४२ टक्के होतं, २०१६ मध्ये ५ टक्के. राजधानी रेक्याविकमध्ये मुलांच्या छंदांसाठी नगरपालिका कुटुंबांना पैसे देते. पण त्याच काळात मुलांनी रात्री उशिरा बाहेर न राहण्याचे नियम कडक झाले, पालकांनी आपसात करार केले, आणि संध्याकाळी आईवडील मुलांबरोबर जास्त वेळ घालवायला लागले. आपल्याकडे ८.१०ची कर्जत फास्ट पकडून ९ला घरी पोचणाऱ्या बापाला हे शेवटचं कलम कसं सांगायचं, ते मला सुचलेलं नाही. मी स्वतः त्याच डब्यात असते, कट्ट्याचे दिवस सोडून.

आमच्या सोसायटीत असं सुरू करायचं आहे. काय लागतं?

गच्चीची किल्ली. हसू नका, निम्म्या सोसायट्यांमध्ये गाडी इथेच अडते. सेक्रेटरींना पटवायला तुम्ही जाऊ नका, दोन मुलांना पाठवा आणि कागदावर लिहून न्यायला सांगा: वार कुठला, वेळ काय, झाडणार कोण. गच्चीचा कठडा छातीइतका उंच नसेल तर मात्र गच्चीचा नाद सोडा आणि पार्किंगमधला कोपरा बघा. स्पीकरला रात्री १०नंतर कायद्यानेच बंदी आहे, तुम्ही ९ धरा, खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी संबंध टिकतील.

उद्घाटन करू नका. फ्लेक्स लावू नका, नगरसेवकाला बोलावू नका. पहिल्या दिवशी चार जण येतील, दुसऱ्या आठवड्यात दोन. तरी ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी उघडंच ठेवा. या वयाची मुलं आधी लांबून बघतात, हे लोक टिकतात की शिबिरासारखे आठ दिवसांत उठतात ते. आमचे पहिले दोन महिने असेच गेले. खायला ठेवा. साधं, पोटभर: वडापाव, उकडलेल्या शेंगा, पार्ले-जी. भूक ही त्यांची सहा वाजताची पहिली आणि एकमेव भावना असते.

पंचवीस-तीसच्या वर गेलात तर तुम्हाला शिट्टी लागेल, आणि शिट्टी आली की शाळा झाली.

फी किती?

महिन्याला २०० रुपये, पाकिटात घालून पेटीत टाकायचे. कुणाचं पाकीट रिकामं आहे ते आम्ही बघत नाही.

दिवाळीत कट्टा चालू असतो का?

संध्याकाळी असतो. दिवाळीच्या पहिल्या सकाळी उघडून उपयोग नाही, सगळी फडके रोडवर असतात. नवे कपडे, गणपतीचं दर्शन, मग दोन-तीन तास नुसतं उभं राहणं, कोण कोण आलंय ते बघणं. तुम्हीही तुमच्या वेळी गेला असालच. गेल्या वर्षी मीही गेले होते. आमच्यातली आठ-दहा मुलं समोरच दिसली. एकाने हात हलवला, बाकीच्यांनी ओळख दाखवली नाही, आणि मी शहाण्यासारखी दुसऱ्या फुटपाथवर गेले.

(नवीन मुलांनी थेट यायला हरकत नाही. बूट बाहेर काढा, आत मागच्या शनिवारचं बेसन असू शकतं.)